सुईच्या आधी आणि सुईच्या नंतर

महिन्यातून एक सुई टोचली की व्यसन आटोक्यात राहते, असे कोणी सांगितले तर व्यसनाने पोळलेल्या घराला केवढा धीर येईल! अशी सुई खरोखरच आहे. तिच्यातील औषध नाल्ट्रेक्सोन. अमेरिकेतील तिचे नाव व्हिव्हिट्रॉल. तेथे २००६ साली दारूच्या आणि २०१० साली अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी तिला मान्यता मिळाली. दर चार आठवड्यांनी ३८० मिलिग्रॅम औषध कुल्ल्याच्या स्नायूत टोचतात. मेंदूत ज्या जागी हेरॉईनचा अंमल चालतो, ती जागाच हे औषध अडवून धरते. मग नशा चढत नाही. अनेकांना तिचा उपयोग झाला आहे. पण तिचे धोके रुग्णाला आणि घरच्यांना ठाऊक असलेच पाहिजेत.

पहिला धोका सुईच्या आधीचा. अंगात अफूजन्य पदार्थ असताना सुई दिली, तर उलट्या, जुलाब, अंगदुखी आणि तळमळ एकदम उसळते. रुग्णालयात ठेवण्याचीही वेळ येते. म्हणून निदान ७ ते १० दिवस ते पदार्थ पूर्ण बंद असावे लागतात. हे दिवस काढणे किती अवघड, हे ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली आलेल्या एका अमेरिकी अभ्यासावरून दिसते. त्यात सुईसाठी निवडलेल्या रुग्णांपैकी २८ टक्के पहिल्या सुईपर्यंतही पोचले नाहीत.

दुसरे असे की, गोळी बंद करता येते, टोचलेले औषध परत काढता येत नाही. मळमळ, डोकेदुखी होते. टोचल्या जागी गाठ येते, क्वचित मांस कुजून शस्त्रक्रिया करावी लागते. यकृताला इजा आणि आत्महत्येचे विचार यांवरही लक्ष ठेवावे लागते. अपघात झालाच, तर मॉर्फिनसारखी वेदनाशामके नेहमीसारखी लागू पडत नाहीत. म्हणून सुई घेतल्याची नोंद रुग्णाने जवळ बाळगावी.

सर्वांत मोठा धोका मात्र सुईचा अंमल उतरल्यावरचा आहे. मधल्या काळात शरीराची नशा सोसण्याची सवय मोडलेली असते, मनाला मात्र जुनेच प्रमाण आठवते. तेवढेच घेतले, तर श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उत्पादक कंपनीला ताकीद दिली, ती जाहिरातीत नेमका हाच धोका वगळल्याबद्दल.

औषधाची पत्रके इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ती वाचू शकणारे पहिले आपणच आहोत. तेव्हा चुकलेली सुई ही केवळ चुकलेली तारीख नव्हे, ती डॉक्टरांकडे तातडीने जाण्याची वेळ आहे, हे घरच्यांना मराठीत समजावून सांगणे मला आपल्या शिक्षणाचाच भाग वाटते.