नितळ पाण्यातला सोमल

पाणी गाळून, उकळून प्यावे, हे आता घरोघरी पटले आहे. परंतु उकळूनही जात नाही, असे विष पाण्यात असेल तर? पश्चिम बंगालमधील हजारो कुटुंबांना हा प्रश्न पडला, तोवर फार उशीर झाला होता.

तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे तेथे पटकी, हगवणीच्या साथी येत. त्यावर उपाय म्हणून गावोगावी कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी थंड, नितळ; चवीलाही गोड. पुढे 1983 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यातून आलेल्या रुग्णांचे निदान केले. त्यांच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके होते, तळहात-तळपाय खरखरीत झाले होते. अशा रुग्णांना लोक कुष्ठरोगी समजत. प्रत्यक्षात तो आर्सेनिकचा, म्हणजे सोमलाचा परिणाम होता. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेल्यास कर्करोगही होऊ शकतो.

हे विष कोणा कारखान्याने सोडलेले नव्हते. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवरील लोहाच्या थरात ते अडकलेले असते. जमिनीखाली प्राणवायू नसला की ते सुटून पाण्यात उतरते. जादवपूर विद्यापीठाच्या डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी 1988 पासून गावोगावचे नमुने तपासून या संकटाची व्याप्ती जगापुढे मांडली.

मग आधी कोणाच्या लक्षात का आले नाही? कारण सारी काळजी रोगजंतूंची होती. आर्सेनिक शोधावे, असे कोणी सांगितलेच नव्हते. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते.

आर्सेनिकला रंग, वास, चव नाही. लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग, ही त्याची मर्यादा आहे. गावात वापरायच्या तपासणी संचात पाण्यात आम्ल व जस्ताची पूड घालतात. आर्सेनिक वायुरूपाने बाहेर पडते आणि वरची कागदी पट्टी पिवळी किंवा तपकिरी होते. नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतील यंत्रच सांगते. शेजारच्या दोन कूपनलिकांचे निकालही भिन्न येऊ शकतात. म्हणूनच बांगलादेशात सुमारे 50 लाख कूपनलिका तपासून दूषित असतील त्या लाल आणि सुरक्षित असतील त्या हिरव्या रंगवल्या गेल्या.

मातीही तपासावी लागते. अशा पाण्यावर उन्हाळी भात पिकवला की आर्सेनिक शेतात साठते आणि तांदळातही उतरते.

महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडची अडचण आहे. त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडेही वाकतात. तेही उकळून जात नाही.

घरच्या बोअरवेलचे पाणी तपासून घेताना पंप काही मिनिटे चालवून मग नमुना घ्यावा. बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. जंतूंच्या तपासणीसाठी ती निर्जंतुक हवी आणि नमुना थंड ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवावा. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत त्याची चौकशी करावी.

‘पाणी चांगले आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. जंतू, फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट यांपैकी काय काय तपासले, हे अहवाल हाती घेताना आवर्जून पाहावे. जे तपासलेच नाही, त्याविषयी तो अहवाल काहीच सांगत नसतो.