हुंडी, पेठ आणि परपेठ

पूर्वी पुण्याचा यात्रेकरू काशीस निघे, तेव्हां वाटखर्चापुरतेंच नाणें जवळ बाळगी. मोठी रक्कम सावकाराच्या पेढीवर भरून तो काशीची हुंडी घेई. ती गहाळ झाल्यास ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत मिळे. तीही हरवल्यास ‘परपेठ’ ही तिसरी. एकाच कागदावर सारा भरंवसा ठेवूं नये, हें शहाणपण त्या व्यवहारांतच होतें. आज परदेशीं जाणाऱ्याच्या खिशांत हुंडीच्या जागीं कार्ड आलें आहे. पेठेची आठवण मात्र पुष्कळांना राहत नाहीं.

परक्या शहरांत कार्ड नाकारलें गेलें कीं प्रवासी दुकानदारावर रागावतो. दोष पुष्कळदां घरचाच असतो. रिझर्व्ह बँकेचा एक नियम १ ऑक्टोबर २०२० पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें नवें कार्ड प्रथम देशांतील व्यवहारांपुरतेंच चालतें. परदेशांतील वापर ग्राहकानें स्वतः बँकेला सांगून किंवा तिच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. तीच गोष्ट ओटीपीची. तो बँकेंत नोंदलेल्या भारतीय क्रमांकावर येतो, आणि नेमकें तेंच सिमकार्ड प्रवाशानें काढून ठेवलेलें असतें! ही तजवीज निघण्यापूर्वींच करावी.

दुसरी अडचण शिल्लक असूनही येते. खोली देतांना कित्येक हॉटेलें अनामत म्हणून कार्डावरील कांहीं रक्कम अडकवून ठेवतात. हिशेब मिटल्यावरही ती मोकळी होण्यास कांहीं दिवस लागतात. म्हणून अनामतीस एक कार्ड आणि रोजच्या खर्चास दुसरें, हें बरें. पैसे रुपयांत घ्यावे कीं तेथील चलनांत, असा प्रश्न यंत्रानें केल्यास तेथील चलनच निवडावें. ओळखीच्या रुपयाचा दर बहुधा महाग पडतो.

कार्ड चोरीस गेल्यास प्रथम बँकेला कळवून तें बंद करावें, मग पोलिसांकडे जावें. घटकाभराचा उशीरही महागांत पडतो. कारण रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिलेल्या नियमाप्रमाणें, कळविल्यानंतर होणारें नुकसान बँकेनें सोसावयाचें असतें. बँकेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून निराळा ठेवावा. चोर पुष्कळदां फोनही नेतो.

तेव्हां एक कार्ड ही हुंडी, निराळ्या पिशवींत ठेवलेलें दुसऱ्या बँकेचें कार्ड ही पेठ, आणि दोन दिवस भागतील इतक्या तेथील नोटा ही परपेठ. तिन्ही एकाच पाकिटांत ठेवणारा मात्र पाकिटाबरोबर तिन्ही गमावतो.