नवी अल्टो की क्विड की वॅगनआर? आपल्या रस्त्याला आणि खिशाला कोणती छोटी गाडी बसते

कापसाचे पैसे हातात आले किंवा केळीला दोन महिने बरा भाव लागला, की पारावर चारचाकीचा विषय निघतोच. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सेससकट २९ टक्के होता तो १८ टक्क्यांवर आला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १२०० सीसीच्या आत असेल त्या गाड्यांना हा फायदा. त्यामुळे जो माणूस जुनी गाडी शोधत होता तोही आता शोरूमची पायरी चढून यायला लागलाय.

पण गावात मतं काही एक होत नाहीत. एक म्हणतो, अल्टोच घे, कोणताही मिस्तरी खोलतो. दुसरा म्हणतो, "गाडी भारी शे, पन खाले टेकस," त्यापेक्षा क्विड घे. मग एखादा पोरगा मोबाईलवर क्रॅश टेस्टचा व्हिडिओ लावतो आणि सगळे गप्प बसतात. या तिघांचंही म्हणणं थोडं थोडं खरं आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

आधी नवी अल्टो म्हणजे नेमकी कोणती ते बघू. आपल्याकडे रस्त्यावर जास्त दिसते ती अल्टो ८००. ती २०१२ ला आली. तिचं ७९६ सीसीचं इंजिन म्हणजे १९८३ च्या मारुती ८०० च्याच घराण्यातलं. १ एप्रिल २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागले आणि कंपनीने ती बनवणं थांबवलं. आता शोरूमला मिळते ती अल्टो के-१०. ही १८ ऑगस्ट २०२२ ला नव्या सांगाड्यावर, नव्या रूपात आली. इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ताकद साधारण ६७ पीएस. जुन्या ८०० ची होती ४८. चार माणसं बसवून, एसी लावून लळिंगचा घाट किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना हा फरक लगेच कळतो. जुनीला एसी बंद करावा लागायचा, हिला लागत नाही.

रूप मात्र जेवढं मोठं दिसतं तेवढी आतली जागा वाढलेली नाही. लांबी ८५ मिलिमीटर वाढली, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फक्त २० मिलिमीटर. मागे तीन मोठी माणसं बसली की खांद्याला खांदा घासतोच. मागच्या काचा अजून हातानेच फिरवायच्या. पेट्रोलची टाकी तर उलट लहान झाली, ३५ लिटरची २७ लिटर. डिकी १७७ लिटरची २१४ झाली, हे बरं झालं. ४५ किलोची युरियाची एक गोणी आरामात मावते. दुसरी ठेवायची तर मागची सीट पाडावी लागते.

आता खाली टेकण्याचं. अल्टोचा ग्राउंड क्लिअरन्स १६० ते १७० मिलिमीटरच्या मध्ये आहे. एस-प्रेसोचा १८०, क्विडचा १८४. कागदावर हा फरक दीड-दोन सेंटिमीटरचा, पण आपल्याकडे तोच नडतो. कंपनीचा आकडा बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी खाली दबते आणि गावातल्या त्या मनाने बांधलेल्या गतिरोधकावर पोट घासतं. शिवाय अल्टोचे टायर १३ इंची आणि अरुंद, क्विड आणि एस-प्रेसोचे १४ इंची. खड्ड्यात मोठं चाक कमी आपटतं. ज्याला रोज पाणंद रस्त्याने मळ्यात जायचंय त्याने हा मुद्दा हलका धरू नये. मात्र पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत यातली एकही गाडी घालायची नाही. तिथे १८४ काय नि १६० काय, ट्रॅक्टरच बोलवावं लागतं.

क्विड दिसायला उंच, छोट्या जीपसारखी. डिकी २७९ लिटरची, अल्टोपेक्षा बरीच मोठी. २०१५ ला आली तेव्हा ८०० सीसीची होती, आता फक्त ९९९ सीसीची मिळते. तिची खरी अडचण गाडीत नाही, सर्व्हिसमध्ये आहे. मारुतीचं काम तालुक्याला होतं, सुटे भाग जुन्या बाजारातही मिळतात. बाकी कंपन्यांच्या गाडीला बहुतेक वेळा जळगाव नाही तर धुळं गाठावं लागतं. रावेर किंवा साक्रीच्या पलीकडे राहणाऱ्याचा त्यात पूर्ण दिवस जातो, आणि विकायला काढली तर भावही अल्टोएवढा येत नाही.

घरात म्हातारी माणसं असतील तर माझं मत सरळ वॅगनआरकडे जातं. ती अल्टोपेक्षा १३ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच आहे. गुडघेदुखीच्या आजीला अल्टोत वाकून खाली बसावं लागतं, वॅगनआरमध्ये खुर्चीवर बसल्यासारखं होतं. डिकी ३४१ लिटरची. दवाखान्यासाठी महिन्यातून दोनदा जळगाव किंवा नाशिक करणाऱ्या घराला हे महत्त्वाचं. सेलेरिओ या दोघींच्या मधली, मायलेजला सगळ्यात पुढे. गाडी चांगली आहे, पण आपल्याकडे तिचं नाव फारसं निघत नाही.

पैशाचा हिशेब असा. जीएसटी कमी झाला तेव्हा शोरूमचे सुरुवातीचे दर एस-प्रेसो साडेतीन लाख, अल्टो तीन लाख ७० हजार, क्विड चार लाख ३० हजार, टियागो चार लाख ५७ हजार, सेलेरिओ चार लाख ७० हजार आणि वॅगनआर पाच लाखांच्या आसपास असे जाहीर झाले होते. हे सगळ्यात खालच्या मॉडेलचे दर. त्यात एसी आणि पॉवर स्टेअरिंग आहे का ते आधी विचारायचं. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, तिथे बिनएसीची गाडी म्हणजे भट्टी. शोरूमच्या दरावर पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ताकर लागतो, म्हणजे साडेचार लाखांच्या गाडीला साधारण ५० हजार. वरून विमा. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. १००० सीसीच्या आतल्या गाडीला थर्ड पार्टी विमा स्वस्त पडतो. २०२२ ला लागू झालेल्या दरात वर्षाला २,०९४ रुपये, तर १००० ते १५०० सीसीला ३,४१६. अल्टो, क्विड, एस-प्रेसो, सेलेरिओ पहिल्या गटात, टियागो दुसऱ्या गटात. वॅगनआर दोन्ही इंजिनात येते.

चार लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिन्याला ८,४०० च्या घरात जातो. आपलं उत्पन्न महिन्याला येत नाही, हप्ता मात्र महिन्याला जातो. शेतकऱ्याला सहामाही हप्ता मिळेल का, हे बँकेत आणि फायनान्सवाल्याकडे तोंड उघडून विचारा. न विचारता कोणी सांगत नाही.

सीएनजीचं वेड सध्या फार आहे, पण आकडेमोड करा. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा. अल्टोचं कागदावरचं मायलेज २४ च्या वर असलं तरी एसी आणि खड्डे धरून २० धरा. किलोमीटरला सव्वापाच रुपये झाले. सीएनजी ९२ रुपये किलो आणि २७ चं मायलेज धरलं तर तीन रुपये ४० पैसे. वाचले एक रुपया ८५ पैसे. सीएनजी मॉडेलला जास्तीचे ८०-८५ हजार मोजावे लागतात. ते वसूल व्हायला सुमारे ४५ हजार किलोमीटर गाडी चालली पाहिजे. महिन्याला ५०० किलोमीटर चालवणाऱ्याला साडेसात वर्षं लागतील! रोज अमळनेर-जळगाव करणाऱ्या नोकरदाराचे पैसे मात्र दोन वर्षांत निघतात. रस्ताकर सीएनजीला थोडा कमी आहे, पण त्याने चित्र बदलत नाही. शिवाय टाकीने डिकी खाल्ली, म्हणजे गोणी गेली. टियागोने डिकीच्या तळाशी दोन लहान टाक्या बसवून थोडी जागा वाचवलीय, तेवढं तिचं कौतुक.

पेट्रोलवाल्यांनी इथेनॉलचंही समजून घ्यावं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत रबरी पाइप, सील यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. मायलेजही थोडं घटतं, सरकारनेच जुन्या गाड्यांसाठी तीन ते सहा टक्के सांगितलंय. सेकंडहँड अल्टो ८०० घेणाऱ्याने हे धरूनच भाव करावा. आपलाच मका इथेनॉलला जातो, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार!

आता तो व्हिडिओ. एप्रिल २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या अल्टो के-१० आणि वॅगनआरच्या चाचणीचा निकाल दिला. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवतात. मोठ्या माणसांसाठी अल्टोला पाचपैकी दोन तारे, वॅगनआरला एक. लहान मुलांसाठी दोघींना शून्य. टियागोला २०२० मध्ये मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले होते. म्हणजे मी वर जिचं कौतुक केलं ती वॅगनआर इथे सगळ्यात मागे पडते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मारुतीला मजबूत गाडी बनवता येत नाही असंही नाही, याच कंपनीच्या नव्या डिझायरने २०२४ मध्ये पाच तारे घेतले.

त्या चाचणीच्या वेळी अल्टोत दोन एअरबॅग होत्या, आता सहा येतात. सेल्समन तेच सांगतो, आणि ते खोटं नाही. पण पुढचं तो सांगत नाही. सहातल्या दोन एअरबॅग पुढच्या सीटच्या कुशीत असतात, बाजूने धडक बसली की सीट फाडून बाहेर येतात. आपण काय करतो? गाडी घरी आली की दुसऱ्याच दिवशी जाड रेक्झिनचं सीटकव्हर शिवून घेतो. एअरबॅग त्याच्या आतच अडकते. कव्हर घ्यायचंच तर एअरबॅगसाठी बाजूची शिवण उघडणारं घ्या. दुसरं, पुढे लोखंडी गार्ड लावू नका. २०१७ च्या डिसेंबरपासून त्यावर बंदी आहे, आणि धडक कशी नि किती बसली हे सेन्सरला नीट कळत नाही, मग एअरबॅग वेळेवर उघडेलच याची खात्री राहत नाही.

तिसरं सगळ्यात वाईट. लग्नाला जाताना आई पुढच्या सीटवर आणि लेकरू मांडीवर, हे दृश्य आपण रोज बघतो. पुढची एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. मधे लेकरू असेल तर तो मार लेकराला बसतो. मोठ्याला वाचवणारी वस्तू लहानाच्या जिवावर उठते. लहान मूल मागेच बसवायचं, जमेल तर चाइल्ड सीटमध्ये. आणि मागच्यांनीही पट्टा लावायचा. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत जाणाऱ्या सुरत-नागपूर हायवेवर आपल्या छोट्या गाडीच्या शेजारून कंटेनर कसे जातात ते मी सांगायला नको.

माझ्यापुरतं सांगायचं तर, गाडी तालुका आणि गावापुरती, दोन-तीन माणसांची, बजेट घट्ट असेल तर अल्टो के-१० पेट्रोल, एसीवालं मॉडेल. शिवारातले रस्ते वाईट असतील तर एस-प्रेसो, कारण क्लिअरन्सही मिळतो आणि सर्व्हिसही तालुक्याला होते. हायवेवर आठवड्यातून दोन-तीनदा लेकराबाळांसह जाणं असेल तर लाखभर रुपये वाढवून टियागो बघा, सर्व्हिसला जिल्ह्याला जायचा त्रास सोसून. म्हाताऱ्यांसाठी वॅगनआर, पण ती हायवेवर ऐंशीच्या वर पळवू नका.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून समाधान मानायचं नाही. घरातली सगळी माणसं बसवा, आजीलाही न्या, आणि एखाद्या खराब रस्त्यावर घ्यायला सांगा. दुपारी बारा-एकला जा, एसी मागच्या सीटपर्यंत लागतो का ते तेव्हाच कळतं. दर लेखी मागा. एका शोरूमने मला दिलेल्या कागदात मॅट, मडफ्लॅप, पॉलिश असं १८ हजारांचं सामान न विचारता धरलेलं होतं. नको म्हटल्यावर निघालं. विमाही शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा दर काढून तो दाखवा. आणि ताब्यात घेताना गाडी कोणत्या महिन्यात बनली ते कागदावर बघा, गेल्या वर्षीची उभी गाडी असेल तर सूट मागायचा तुमचा हक्क आहे.