चौथी मिती : कल्पनाशक्तीची एक परीक्षा

'कल्पनेला सीमा नसते' हे वाक्य शाळेपासून आजवर आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी निबंधात लिहिलेले असते. कवीची प्रतिभा, चित्रकाराची दृष्टी, लहान मुलाचे स्वप्न यांविषयी बोलताना ते सहज तोंडी येते आणि त्याला कोणी हरकतही घेत नाही. पण या विधानाची परीक्षा घ्यायचीच ठरवली तर? परीक्षा अगदी सोपी आहे. आपण बसलो आहोत त्या खोलीच्या एका कोपऱ्याकडे पाहावे. तेथे जमिनीपाशी तीन रेषा एकत्र येतात : दोन भिंतींच्या पायथ्याच्या दोन आणि छताकडे जाणारी एक. प्रत्येक रेषा उरलेल्या दोघींशी काटकोन करते. आता त्याच कोपऱ्यातून निघणारी आणि या तिन्ही रेषांशी काटकोन करणारी चौथी रेषा मनात काढून पाहा.

जमत नाही ना? दहा तोंडांचा रावण, पंख असलेला घोडा, सोन्याची द्वारका हे सारे क्षणात डोळ्यांपुढे उभे करणारे आपले मन एका साध्या सरळ रेषेपाशी अडखळते. याचे कारण शोधू गेल्यास कल्पनाशक्तीविषयी एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. रावण आपण 'कल्पिला' म्हणजे काय केले? पाहिलेले डोके दहा वेळा मांडले. घोडा पाहिलेला होता, पंखही पाहिलेले होते; जोडणी तेवढी नवी होती. चौथ्या रेषेसाठी मात्र आपल्या अनुभवाच्या कोठारात कच्चा मालच नाही. मग अशा गोष्टीचा विचार करणे व्यर्थ समजावे काय? गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांतील काही माणसांनी या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिले. त्यांनी ते कसे दिले, हे पाहण्यासारखे आहे.

सपाट जगातला रहिवासी

प्रथम 'मिती' म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. एखादे स्थान निश्चित सांगण्यासाठी परस्परांवर अवलंबून नसलेली जितकी मापे लागतात, तितक्या त्या जागेच्या मिती. रुळावरच्या आगगाडीचे स्थान एका मापाने सांगता येते. कॅरमच्या सोंगटीला दोन मापे लागतात, तर खोलीत उडणाऱ्या माशीला तीन : लांबी, रुंदी आणि उंची.

चौथ्या मितीकडे सरळ जाता येत नाही, म्हणून एक पायरी खाली उतरून पाहावे, ही युक्ती एडविन ॲबट या इंग्रज मुख्याध्यापकाने 1884 साली 'फ्लॅटलँड' या छोट्या कादंबरीत वापरली. तिचा नायक एक चौरस आहे आणि तो कागदासारख्या सपाट जगात राहतो. 'वर' आणि 'खाली' हे शब्द त्याच्या भाषेतच नाहीत. एके दिवशी त्याच्या जगातून एक गोल आरपार जातो. चौरसाला काय दिसते? प्रथम एक ठिपका, मग वाढत जाणारे वर्तुळ, नंतर आक्रसत जाणारे वर्तुळ, पुन्हा ठिपका आणि शेवटी काहीच नाही. अख्खा गोल त्याला कधीच दिसत नाही. दिसतात ते त्याचे छेद, एकामागून एक.

आता हीच पायरी वर चढू. चार मितींचा गोल आपल्या वर्गातून गेला तर हवेत अचानक एक बारीक मणी दिसेल, तो फुगत फुगत चेंडूएवढा होईल, मग लहान होत नाहीसा होईल. हे चित्र आपण मनात आणू शकतो. म्हणजे चौथी मिती दिसली नाही, तरी तिची आपल्या जगात पडलेली खूण कशी असेल ते सांगता आले.

दुसरे उदाहरण पायातल्या चपलांचे घेऊ. डावी चप्पल कशीही फिरवली तरी उजवी होत नाही. कागदातून कापलेला डाव्या पावलाचा ठसा मात्र उचलून पालथा केला की उजव्याचा होतो. कारण त्या सपाट ठशाला आपण तिसऱ्या मितीतून फिरवतो. याच न्यायाने चौथ्या मितीतून फिरवून आणलेली डावी चप्पल उजवी होऊन परत येईल. ही गोष्ट मोबियस या जर्मन गणितज्ञाने 1827 सालीच नोंदवून ठेवली होती.

मोजता येते, पण दिसत नाही

गणिताचा मार्ग याहून सरळ आहे. एक बिंदू सरकवला की रेषा होते. रेषा तिच्याशी काटकोनात सरकवली की चौरस आणि चौरस तसाच सरकवला की घन. घन चौथ्या दिशेने सरकवता आला तर जी आकृती होईल तिला 'टेसरॅक्ट' म्हणतात. ती कोणी पाहिलेली नाही, पण तिचे कोपरे मात्र मोजता येतात. सरकवताना प्रत्येक कोपऱ्याचे दोन होतात, म्हणून घनाचे 8, तर हिचे 16. कडांचा हिशेबही असाच : घनाच्या 12 कडा सुरुवातीच्या जागी, 12 शेवटच्या जागी आणि 8 कोपऱ्यांनी सरकताना काढलेल्या 8, मिळून 32. याच रीतीने 24 चौरस आणि 8 घन निघतात. खडूचे खोके उलगडले की सहा चौकोनांचा सपाट पुठ्ठा होतो, तसे टेसरॅक्ट उलगडले की आठ घनांची एक क्रुसासारखी रचना होते. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली याने 1954 मध्ये ख्रिस्ताचे जे प्रसिद्ध चित्र रंगवले, त्यातील क्रूस नेमका या आठ घनांचा आहे.

गणिताला तर चारवर थांबण्याचेही कारण नाही. 10 जून 1854 रोजी जर्मनीतील गटिंगेन येथे रीमान या तरुण गणितज्ञाने दिलेल्या व्याख्यानात कितीही मितींच्या अवकाशाचा विचार मांडला. आज तो व्यवहारातलाच झाला आहे. सहा विषयांत मिळालेले गुण म्हणजे सहा मितींच्या अवकाशातला एक बिंदूच! दोन विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांमधले 'अंतर' पायथागोरसच्याच सूत्राने काढता येते. भाषा हाताळणारी आजची संगणकयंत्रे प्रत्येक शब्द असाच शेकडो, हजारो मितींतला बिंदू म्हणून साठवतात.

येथे एक सावधगिरी हवी. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीचा अंदाज घेताना मन फसतेही. चौरसात मावणारे सर्वांत मोठे वर्तुळ त्याची सुमारे 79 टक्के जागा व्यापते. घनात मावणारा गोल सुमारे 52 टक्के व्यापतो, चार मितींत हे प्रमाण 31 टक्क्यांवर येते आणि दहा मितींत ते पाव टक्क्याच्या आसपास उरते! खोक्याला चहूबाजूंनी टेकलेला चेंडू खोके जवळजवळ रिकामे ठेवतो, हे कोणत्या मनश्चक्षूंना पटेल? पण हिशेब तेच सांगतो, आणि तो खरा आहे.

ॲलिशिया बूल

तर मग चौथ्या मितीत केवळ आकडेमोडच शक्य आहे, 'पाहणे' नाही, असा निष्कर्ष काढावा काय? येथे एका स्त्रीची हकीकत सांगणे आवश्यक आहे.

ॲलिशिया बूल हिचा जन्म 1860 साली आयर्लंडमधील कॉर्क येथे झाला. वडील जॉर्ज बूल हे थोर तर्कशास्त्रज्ञ. आज संगणक ज्या बीजगणितावर चालतो ते त्यांचेच. आई मेरी ही, ज्यांचे नाव पुढे हिमालयातील सर्वोच्च शिखराला दिले गेले, त्या भारताच्या सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. पण हा वारसा नावापुरताच. ॲलिशिया चार वर्षांची असताना वडील वारले आणि पाच मुलींसह आई उघड्यावर पडली. विद्यापीठाचे शिक्षण ॲलिशियाच्या वाट्याला कधीच आले नाही.

घरात येणेजाणे असलेला चार्ल्स हिंटन हा पुढे तिच्या थोरल्या बहिणीचा पती झाला. त्याला चौथ्या मितीचे वेडच होते. 'टेसरॅक्ट' हा शब्द त्याचाच, 1888 सालच्या पुस्तकातला. माणसाच्या मनाला सवय नाही म्हणून चौथी मिती दिसत नाही. सराव केला तर ती दिसेल, अशी त्याची श्रद्धा होती. त्यासाठी त्याने रंगीत लाकडी ठोकळे तयार केले आणि प्रत्येकाला लॅटिन नावे देऊन तो ते मुलींकडून पाठ करून घेई. नावे पाठ करण्यात ॲलिशिया रमली नाही. पण त्या ठोकळ्यांशी खेळता खेळता तिच्या मनात असे काही उघडले, की ती आपल्या शिक्षकाच्या फार पुढे निघून गेली.

तीन मितींत सर्व बाजू सारख्या असणाऱ्या सुसम घनाकृती पाचच आहेत, हे ग्रीकांना ठाऊक होते. चार मितींत त्या किती? ॲलिशियाने स्वतःच्या बळावर शोधून काढले : सहा. त्या अनुक्रमे 5, 8, 16, 24, 120 आणि 600 घनाकृतींनी बंद झालेल्या आहेत. श्लेफ्ली या स्विस गणितज्ञाने हेच उत्तर 1852 पर्यंत सिद्ध केले होते, परंतु त्याचा ग्रंथ संपूर्ण छापून निघाला तो 1901 मध्ये. ॲलिशियाला त्याची वार्ताही नव्हती. ॲबटच्या चौरसाला जसे गोलाचे छेद दिसले, तसे या सहा आकृती आपल्या जगातून आरपार जाताना त्यांचे छेद कसे दिसतील, याची तिने पुठ्ठ्याची नमुनेदार प्रतिरूपे बनवली. 1890 मध्ये तिचे वॉल्टर स्टॉट यांच्याशी लग्न झाले. दोन मुले, बेताचे उत्पन्न, घरकाम हे सारे सांभाळून हा उद्योग चालला होता.

पुढे हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे प्राध्यापक स्खाउटे यांनी याच विषयावर लिहिलेले तिच्या पाहण्यात आले. तिने आपल्या प्रतिरूपांची छायाचित्रे त्यांना पाठवली. त्यांनी गणिताने जे छेद काढले होते, तेच हिने पुठ्ठ्यात कापले होते! त्यांनी एकत्र काम करण्याचे सुचवले आणि सुमारे वीस वर्षे ते चालले. 1900 आणि 1910 मध्ये तिचे निबंध ॲम्स्टरडॅमहून प्रसिद्ध झाले. 1914 साली ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. नंतरची अनेक वर्षे संसारात गेली. 1930 मध्ये भाच्याच्या ओळखीने कॉक्सेटर हा तरुण गणितज्ञ तिला भेटला आणि सत्तरीच्या या बाईंनी पुन्हा कामाला हात घातला. 1940 मध्ये तिचे निधन झाले. तिची पुठ्ठ्याची प्रतिरूपे आजही ग्रोनिंगेन आणि केंब्रिज येथे जपून ठेवलेली आहेत.

पदवी नसलेल्या या स्त्रीने जे 'पाहिले' ते तपासता आले आणि तपासाअंती खरे ठरले, ही या हकीकतीतील मुख्य गोष्ट होय. कारण चौथ्या मितीच्या नावावर भलतेही खपले आहे. 1877 च्या सुमारास लाइपझिगच्या झ्योल्नर या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाला स्लेड नावाच्या अमेरिकन 'माध्यमा'ने, दोन्ही टोके बंद केलेल्या दोरीत गाठी पाडून दाखवल्या. चौथ्या मितीत अशा गाठी पडू आणि सुटू शकतात हे गणित बरोबरच होते. पण म्हणून भुते तेथून येऊन दोरीला गाठी मारतात हे कोठून आले? याच स्लेडला आदल्या वर्षी लंडनमध्ये फसवणुकीच्या आरोपावरून न्यायालयात उभे राहावे लागले होते. 'उच्च मिती', 'सूक्ष्म पातळी' असे शब्द ऐकून भारावून जाणाऱ्यांनी ॲलिशिया आणि झ्योल्नर यांतील फरक लक्षात ठेवावा. दोघांनीही कल्पना केली. एकीने ती मोजमापाला लावली, तर दुसऱ्याने ती श्रद्धेच्या स्वाधीन केली.

पाहणे म्हणजे काय?

काळ ही चौथी मिती नव्हे काय, असे कोणी विचारील. 1908 मध्ये मिन्कोव्स्की याने आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाला अवकाश आणि काळ यांची सांगड घालणारे चार मितींचे रूप दिले, हे खरे. आपल्या जुन्या पत्रांत 'मिती' हा शब्द तिथीसाठीच येतो, हा गमतीदार योगायोगही आहे. मात्र काळाची मिती लांबी-रुंदीच्या जातीची नाही. तीत मागे वळता येत नाही. ॲलिशियाची चौथी मिती वेगळी, निव्वळ अवकाशाची.

आणि पाहण्याचे म्हणाल, तर तिसरी मितीही आपण 'पाहतो' असे कोठे आहे? डोळ्याच्या पडद्यावर उमटते ते सपाट चित्र. दोन डोळ्यांची किंचित भिन्न चित्रे, हाताचा स्पर्श, चालण्याचा अनुभव यांतून खोली मन रचते. बेर्नार मोरँ हा फ्रेंच गणितज्ञ वयाच्या सहाव्या वर्षापासून अंध होता. गोलाचा पृष्ठभाग न फाडता, न मोडता आतून बाहेर कसा उलटवावा हा अवघड प्रश्न, ज्याची आकृती डोळसांनाही सुचेना, त्याने सोडवून मातीची प्रतिरूपे घडवली. तेव्हा मनाचा डोळा हा चर्मचक्षूंचा गुलाम नव्हे.

मराठीत 'कल्पना' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मनात उभे राहणारे चित्र, दुसरा विचार किंवा जाण. 'मला त्याची कल्पना आहे' असे आपण म्हणतो तो. चौथ्या मितीपाशी पहिली कल्पना थकते आणि तेथून दुसरी पुढे निघते : हिशेब, उपमा, छेद, छाया यांच्या आधाराने. ज्याचे चित्र काढता येत नाही ते असूच शकत नाही, असे म्हणणारा ॲबटच्या सपाट जगातला नागरिक होय. उलट जे सुचले ते सारे खरेच, असे म्हणणारा झ्योल्नरच्या वाटेने जातो. या दोहोंमधली वाट चिकाटीची आहे. पुठ्ठा, कात्री आणि अनेक वर्षे मागणारी.

कल्पनेला सीमा असतात. मात्र त्या कुठे आहेत हे आधी ठरवून ठेवता येत नाही. त्या गाठूनच पाहाव्या लागतात. पुढच्या निबंधात ते जुने वाक्य लिहिताना एवढी दुरुस्ती करायला हरकत नाही.