हवेने थंड होणाऱ्या जुन्या मोटारीत धूर: कारण कसे शोधावे?

हवेने थंड होणारे इंजिन शेतकऱ्याला नवे नाही. फवारणी पंपावरचे लहान पेट्रोल इंजिन, काही डिझेल पंपसंच, बुलेट मोटारसायकल ही सर्व हवेनेच थंड होतात. १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडलेला आयशरचा ट्रॅक्टरही हवेने थंड होणाराच होता. या सर्वांत इंजिनावरून गेलेली गरम हवा उघड्यावर निघून जाते. फोक्सवॅगन बीटलसारख्या जुन्या मोटारीत मात्र या हवेचा काही भाग माणसे बसतात तेथे आणलेला असतो. म्हणून अशा गाडीच्या झरोक्यातून धूर किंवा वास आला, तर इंजिनाच्या बाजूला काहीतरी बिघडले आहे असे प्रथम समजावे.

बीटलचे उत्पादन जुलै २००३ मध्ये मेक्सिकोत थांबले. तोपर्यंत जगभर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. मुंबई आणि परिसरात अशा गाड्या हौसेने सांभाळणारे मालक आजही आहेत. मिरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा आणि भाईंदरच्या बाजूला मिठागरे आहेत. अशा खाऱ्या, दमट हवेत पातळ पत्रा फार लवकर गंजतो. या गाडीतील धुराचे बरेचसे मूळ गंजलेल्या पत्र्यातच असते.

हवेचा मार्ग

निदानापूर्वी हवेचा मार्ग समजून घ्यावा. बीटलचे इंजिन मागे असते. जनरेटरच्या दांड्यावर बसवलेला पंखा मागच्या कप्प्यातील हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणातून चारही सिलिंडरांवर सोडतो. सुमारे १९६३ पूर्वीच्या गाड्यांत सिलिंडरांवरून गरम झालेली हवाच थेट आत येत असे. त्यानंतर पद्धत बदलली. पंख्याची थोडी ताजी हवा दोन नळ्यांतून डाव्या व उजव्या हीटर बॉक्समध्ये जाऊ लागली. हीटर बॉक्स म्हणजे एक्झॉस्टच्या नळीभोवती बसवलेली पत्र्याची पेटी. नळीच्या उष्णतेने हवा गरम होते, दरवाजाखालच्या पोकळ पट्टीतून पुढे जाते आणि पायापाशी व काचेखाली बाहेर पडते.

येथेच खरा धोका आहे. श्वासाची हवा आणि इंजिनाचा जळका वायू यांच्यामध्ये फक्त एका नळीचा पत्रा असतो. त्याला भोक पडले की सायलेन्सरकडे जायचा वायू गाडीत येतो.

कोकणच्या हवेत हीटर कोण लावणार, असे वाटेल. पण पावसाळ्यात काचेवर धुके साचले की हाच झोत काचेवर सोडावा लागतो. शिवाय हीटर बंद करणाऱ्या झडपा तारेने चालतात. तार गंजून अडकली की झडप अर्धवट उघडी राहते आणि हीटर बंद आहे असे समजत असतानाही हवा आत येत राहते.

न दिसणारा वायू

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, थकवा आणि झोप ही त्याची लक्षणे होत. धूर दिसतो तेव्हा माणूस सावध होतो. धूर न दिसता गाडीतील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर ते अधिक गंभीर मानावे. घोडबंदर रस्त्यावर किंवा काशीमिऱ्याच्या कोंडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून बसणे अशा गाडीत धोक्याचे आहे.

पी.यू.सी. प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ती तपासणी मागच्या नळीच्या टोकाशी होते. वाटेत कोठे गळती आहे, हे तिच्यातून कळत नाही.

धूर दिसताच काय करावे?

१) सर्व काचा उघडाव्यात, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि सर्वांनी खाली उतरावे.

२) कोणाला गरगरत असेल तर मोकळ्या हवेत बसवून लगेच रुग्णालयात न्यावे. या विषबाधेवर प्राणवायू हाच मुख्य उपचार आहे.

३) ज्वाळा दिसत असतील तर मागचे झाकण उघडू नये. आत एकदम हवा शिरून आग भडकते. दूर जाऊन १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे.

४) आगीवर पाणी मारू नये. या इंजिनाची मुख्य पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकल्यास आग वाढते. गाडीत कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे ठेवावे आणि ते आग लहान असतानाच वापरावे.

निदान कसे करावे?

पिकावरील रोग ओळखताना पान, खोड, मूळ असे क्रमाने पाहतो. तसेच येथे तीन प्रश्न विचारावेत. धूर केव्हा येतो? कोठून येतो? वास कशाचा आहे?

१) जळक्या तेलाचा वास, निळसर धूर, इंजिन तापल्यावर वाढतो: हे सर्वांत अधिक आढळणारे कारण आहे. टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा पुशरॉडच्या नळ्यांची सील कडक झाली की तेल खाली गरम हीटर बॉक्सवर ठिबकते आणि जळते. इंजिनाच्या कप्प्याभोवतीचे रबर निघाले असेल तर तो धूर वर येतो, पंखा तो ओढतो आणि आत पाठवतो. रिंगा झिजल्याने इंजिनातून तेलाची वाफ बाहेर पडत असेल तरी ती याच वाटेने आत येते. गाडी रात्रभर उभी करून खाली पुठ्ठा ठेवावा. डाग कोठे पडतात त्यावरून गळतीची जागा समजते. सील आणि पॅकिंग बदलावे, कप्प्याचे रबर पूर्ण बसवावे.

२) तिखट वास, डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, इंजिन सुरू होताच जाणवते: ही एक्झॉस्टची गळती समजावी. सांध्याशी काळी काजळी दिसते आणि थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो. बाहेरचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासता येतात. इंजिन बंद व थंड असताना मागच्या नळीतून ब्लोअरने हलकी हवा सोडावी. जेथे बुडबुडे येतात तेथे गळती आहे. हीटर बॉक्सच्या आतील नळी मात्र बाहेरून दिसत नाही. बॉक्स उतरवून आतल्या नळीचे एक तोंड बंद करावे, दुसऱ्यातून हवा भरावी आणि सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतो तसे पाण्याच्या टाकीत बुडवून पाहावे. आतली नळी गंजली असेल तर वरवरचे वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये, बॉक्स बदलावा. हीटर नकोच असेल तर बॉक्सऐवजी साध्या एक्झॉस्ट नळ्या बसवता येतात. तसे केल्यास पंख्याच्या आवरणावरील दोन्ही तोंडे झाकणाने बंद करावीत. ती उघडी राहिली तर सिलिंडरांना मिळायची हवा वाया जाते आणि इंजिन तापते.

३) पेट्रोलचा वास, धूर नाही: याकडे धुराइतकेच गांभीर्याने पाहावे. वास मागून येत असल्यास पेट्रोल पंप, कार्बोरेटर आणि त्यांच्या रबरी नळ्या पाहाव्यात. पुढून येत असल्यास टाकीचे झाकण, भरण्याची नळी व हवेची नळी तपासावी, कारण बीटलची टाकी पुढे असते. उसापासून तयार होणारे इथेनॉल आपल्या परिचयाचे आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. जुन्या पद्धतीचे रबर इथेनॉलमुळे फुगते, मऊ पडते किंवा त्याला भेगा जातात. म्हणून सर्व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घ्याव्यात आणि क्लॅम्पने पक्क्या कराव्यात. गळती बंद होईपर्यंत गाडी सुरू करू नये.

४) जळक्या प्लॅस्टिकचा वास, डॅशबोर्डखालून किंवा मागच्या सीटखालून धूर, इंजिन बंद केले तरी थांबत नाही: हा विजेचा दोष आहे. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते. बॅटरीवरचे झाकण हरवले असेल आणि वजनदार माणसे मागे बसली, तर सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकतात आणि गादी पेटते. प्रथम बॅटरीची तार सोडवावी. झाकण नसेल तर नवे बसवावे. फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळू नये.

५) गवत किंवा केस जळल्याचा वास, गाडी बरेच दिवस उभी राहिल्यानंतर: हीटरच्या नळीत किंवा पंख्याच्या आवरणात उंदराने घर केले असण्याची शक्यता असते. नळ्या काढून आतील पेंढा, चिंध्या, पालापाचोळा साफ करावा. सिलिंडरांच्या पाकळ्यांत कचरा अडकला तर धूर तर येतोच, पण इंजिनही तापून जाम होते. मळणीच्या दिवसांत हवेने थंड होणाऱ्या ट्रॅक्टरच्या पाकळ्यांत भुसा अडकल्यावर जे होते, तेच येथे होते.

६) वास नसलेली पांढरी वाफ, पहिली काही मिनिटेच: पावसाळ्यात पोकळ पट्टीत साचलेले पाणी गरम हवेने वाफ होऊन बाहेर पडते. ती आपोआप थांबते. मात्र पाणी आत जाते याचा अर्थ पट्टीला भोक आहे, ते शोधून बुजवावे. या इंजिनात पाणीच नसल्याने रेडिएटर फुटल्याची शंका घेण्याचे कारण नाही.

७) नवे हीटर बॉक्स किंवा सायलेन्सर बसवल्यानंतरचा धूर: नव्या भागावरील गंजरोधक तेल किंवा रंग पहिल्यांदा तापल्यावर जळतो. गाडी मोकळ्या जागेत उभी करून, आत कोणी न बसता, इंजिन चालू ठेवावे. दोन-तीन वेळा असे करूनही धूर थांबला नाही तर पुन्हा तपासणी करावी.

लाल दिवा लागल्यास

चार्जिंगचा लाल दिवा पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत लागला तर काही जण घरापर्यंत गाडी रेटतात. बीटलमध्ये ही सवय महागात पडते. येथे जनरेटर आणि पंखा एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला की थंड करणारी हवाही बंद होते आणि काही मिनिटांत इंजिन तापून आत जळका वास येऊ लागतो. म्हणून दिवा लागताच थांबावे आणि पट्टा पाहावा. एक जादा पट्टा व तो बदलण्याचे पाने गाडीत असावेत.

खाऱ्या हवेतील देखभाल

१) मे महिन्यात, पावसापूर्वी, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये गाडीखालचा पत्रा, हीटर बॉक्स व झडपांच्या तारा तपासाव्यात. तारांना ग्रीस लावावे.

२) समुद्रकाठी फिरून आल्यावर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नये.

३) गाडीजवळ खताची किंवा मिठाची पोती रचू नयेत. त्यांच्या ओलाव्याने पत्रा झपाट्याने गंजतो. पेंढ्याच्या गंजीशेजारीही गाडी ठेवू नये. उंदीर आणि आग ही दोन्ही भये त्यात आहेत.

४) इंजिनात सुमारे अडीच लिटरच तेल असते आणि इंजिन थंड ठेवण्यास तेही मदत करते, असे समजून दर आठवड्याला पातळी पाहावी. तेल दर ५,००० किलोमीटरला बदलावे.

५) कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारे बॅटरीवरील लहान यंत्र आता बाजारात मिळते. ते गाडीत जरूर ठेवावे. नाकाला जे कळत नाही ते त्याला कळते.

शेतावरही हाच नियम

हा वायू केवळ जुन्या मोटारीतच असतो असे नाही. बंद गोदामात इंजिन चालू ठेवणे आणि पाणी खोल गेले म्हणून पेट्रोल किंवा डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवणे, यांतही तोच धोका आहे. विहिरीत वायू साचतो आणि खाली उतरलेल्या माणसाला वर येण्याचे भान राहत नाही. त्याला काढायला दुसऱ्याने तसेच उतरू नये. इंजिन नेहमी मोकळ्या हवेत ठेवावे.

थोडक्यात, धूर आला की आधी उतरावे, मग वास, वेळ आणि जागा पाहून कारण ठरवावे. तेलाची गळती दुरुस्त होईपर्यंत काचा उघड्या ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेता येईल. एक्झॉस्ट, पेट्रोल आणि वीज या तीन दोषांत मात्र गाडी चालवू नये, ती ओढून न्यावी. जुनी गाडी जपण्याची हौस चांगली आहे, परंतु तिच्यात बसणाऱ्यांचा श्वास प्रथम जपावा.