पांढऱ्या बुटांस पळसाचा रंग

वरोरा तालुक्याचा बराचसा भाग काळ्या मातीचा व कापसाचा आहे. या मातीत एक पावसाळा काढलेला पांढरा कापडी बूट पुन्हा पांढरा होत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. सफेदा किंवा खडूची पूड लावून कवाईतीपुरते काम भागते. पण दुसऱ्या दिवशी डाग वर येतोच. बूट फाटलेला नसतो, तळ शाबूत असतो, तरी मूल तो घालण्यास संकोचते व कित्येकदा अनवाणी येते. दर वर्षी नवा जोड घेणे पुष्कळ पालकांस परवडत नाही. असा जोड रंगवून पुन्हा वापरात आणता येतो, आणि त्यास लागणारी बहुतेक सामग्री चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मिळते.

प्रथम मनात येतो तो पळस. फाल्गुनात झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ही फुले पाण्यात उकळून धुळवडीचा रंग करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु धुळवडीचा तो रंग दोन धुण्यांत निघून जातो. मग त्याच फुलांनी रंगविलेले कापड टिकावे कसे, हा प्रश्न मुलांपुढे अवश्य मांडावा. कारण साऱ्या रंगाईचे मर्म त्यातच आहे.

लोकर व रेशीम रंग सहज धरतात, कापूस धरीत नाही. रंगाचे कण त्याच्या तंतूंवर नुसते बसतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. त्यांस तंतूशी बांधणारा मध्यस्थ लागतो. त्यास रंगबंधक म्हणतात. तुरटी हा असा रंगबंधक होय. पण तुरटीदेखील कापसावर नीट ठरत नाही. म्हणून जुने रंगारी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवीत. हिरड्यातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, कापसास घट्ट चिकटते, तुरटी टॅनिनास धरते आणि रंग तुरटीस. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला प्रसिद्ध कृत्रिम रंग तयार केला. त्यानंतर गावोगावची ही विद्या हळूहळू मागे पडली. परंतु हिरड्याचे झाड आपल्या रानात आहेच.

बूट घेण्यापूर्वी त्याचे कापड सुती आहे की नाही ते पाहावे. आतील शिवणीचा एक धागा काढून शिक्षकांनी स्वतः जाळावा. कागदासारखा जळून राख झाली तर तो सुती. वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम समजावा. मात्र शिवणीचा दोरा व कापड वेगळे असू शकतात, म्हणून शक्य झाल्यास कापडाच्या कडेचा धागा घ्यावा. कृत्रिम कापडावर हा रंग चढत नाही. तेथे श्रम करू नयेत.

बुटावरील सफेदा व मळ रिठ्याच्या कोमट पाण्याने पूर्ण धुऊन काढावा. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळावी, त्यात बूट तासभर बुडवावा आणि न धुता सावलीत वाळवावा. कापडावर फिकट पिवळसर झाक येईल. नंतर एक चमचा तुरटी कोमट पाण्यात विरघळवून ते पाणी कुंचल्याने सर्व कापडावर सारखे लावावे व पुन्हा वाळवावे. दरम्यान सुकलेली पळसफुले, सुमारे शंभर ग्रॅम, दोन लिटर पाण्यात मंद आचेवर तासभर शिजवून गाळावीत. बूट या पाण्यात उकळू नये. तळाचा डिंक सुटतो. रबराच्या कडेवर मेणबत्ती घासावी, आणि कोमट रंगाचे तीन-चार हात कुंचल्याने द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. सर्वांत आधी हा प्रयोग नाड्यांवर करून पाहणे शहाणपणाचे. नाडी बिघडली तर नुकसान थोडे.

साबणाने किंवा सोड्याने धुतल्यास पिवळा रंग नारिंगीकडे झुकतो. म्हणून पुढेही रिठाच वापरावा. हा रंग उन्हात काही महिन्यांनी फिका होतो, हे पालकांस आधीच सांगावे. हळदीचा मोह अनेकांस होईल. ती चटकन चढते खरी, पण उन्हात त्याहूनही लवकर उडते.

मुलांस सर्वाधिक रमविणारा भाग लोखंडाचा आहे. गंजलेले खिळे, थोडा गूळ व पाणी मातीच्या भांड्यात पंधरवडाभर ठेवावे व गाळून घ्यावे. हिरडा दिलेल्या कापडावर या पाण्यात बुडविलेल्या काडीने रेघ ओढली की ती पाहता पाहता काळी होते. आंध्रातील कलमकारीच्या काळ्या रेषा याच तत्त्वावर काढल्या जातात. वेल, पान, मोर, किंवा मुलाच्या नावाचे आद्याक्षर बुटावर असे काढता येते. मग एकसारख्या जोडांत आपला कोणता, हा तंटाही मिटतो! लोखंडाचे पाणी मात्र पातळच ठेवावे. ते जास्त झाल्यास कापूस कुजतो. पिवळ्या रंगावर ते दिले तर हिरवट तपकिरी छटा येते.

काही पुस्तकांत मोरचूद व क्रोमियमचे क्षार रंगबंधक म्हणून सांगितलेले आढळतात. ते विषारी आहेत; शाळेत आणू नयेत. चुलीजवळचे काम शिक्षकांनी करावे व रंगाची भांडी स्वयंपाकास वापरू नयेत. फुले झाडाखाली पडलेलीच वेचावीत, साल कोणीही काढू नये. ज्या शाळेत कवाईतीस पांढरे बूट आवश्यक आहेत, तेथे मुख्याध्यापक व पालक यांची संमती घेतल्यावाचून जोड रंगवू नये.

हिरड्याचे पाणी उरल्यास ते आटवून त्यात थोडे लोखंडाचे पाणी घालावे. बोरूने लिहिण्याजोगी काळी शाई तयार होते, आणि वर्गातील पाने-बियांच्या संग्रहावरील चिठ्ठ्या तिनेच लिहिता येतात.