‘ड’ जीवनसत्त्व आणि कर्करोग : समज व वस्तुस्थिती

वैशाखात जळगाव-धुळे परिसराचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा प्रखर उन्हाच्या प्रदेशातही ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आढळते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्ततपासणीत ही उणीव दिसली, की नातेवाईक साहजिकच विचारतात, “आजार यामुळेच झाला का? हे जीवनसत्त्व भरपूर दिले, तर गाठ विरघळेल का?” या दोन प्रश्नांची उत्तरे सोप्या शब्दांत देण्याचा हा प्रयत्न आहे.

नावाने जीवनसत्त्व, कार्याने संप्रेरक

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. यकृतात व त्यानंतर मूत्रपिंडात त्याचे रूपांतर होऊन ‘कॅल्सिट्रायॉल’ हे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, निर्माण होते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे व हाडे बळकट ठेवणे, हे त्याचे प्रमुख कार्य. भर उन्हाची वेळ आपण घरात काढतो, अंग वस्त्राने झाकलेले असते, सावळ्या त्वचेला अधिक ऊन लागते आणि भाकरी, वरण व भाजी यांतून हे जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला तर ऊन दुर्मीळच. त्यामुळे रुग्णात आढळणारी उणीव हे आजाराचे कारण नसून पुष्कळदा त्याचा परिणाम असते.

पेशींवरील परिणाम

स्तन, मोठे आतडे, प्रोस्टेट अशा अनेक अवयवांच्या पेशींत या संप्रेरकाला ओळखणारे ग्राहक-प्रथिन असते. कॅल्सिट्रायॉल त्याला जोडले गेले, की पेशीकेंद्रातील काही जनुके कार्यान्वित होतात. ‘पी-२१’सारखी प्रथिने वाढून पेशीविभाजनाला लगाम बसतो. काही पेशी परिपक्व होतात, तर काही आपोआप नष्ट होतात.

१९८० साली सेड्रिक व फ्रँक गारलँड या बंधूंनी, अमेरिकेतील अधिक उन्हाच्या भागांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी असल्याचे निदर्शनास आणले. १९८१ मध्ये तातसुओ सुदा व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशी या संप्रेरकामुळे परिपक्व पेशींसारख्या वागू लागतात. असे प्रयोग काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर होतात. भारतात या पेशीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उभारली, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

काचपात्रातून रुग्णापर्यंत

काचपात्रात जे साधले, ते मानवी शरीरात मात्र तितके साधले नाही. अनेक कर्करोगपेशी हे संप्रेरक नष्ट करणारे विकर स्वतःच अधिक प्रमाणात तयार करतात. शिवाय पेशींना आवर घालण्याइतकी मात्रा दिल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. प्रोस्टेटच्या कर्करोगात केमोथेरपीसोबत कॅल्सिट्रायॉलची मोठी मात्रा देण्याची एक चाचणी, त्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने, २००७ मध्ये थांबवावी लागली.

अमेरिकेत २५,८७१ व्यक्तींवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत निम्म्या व्यक्तींना सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट देण्यात आले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नाही. ऑस्ट्रेलियातील २१,३१५ व्यक्तींच्या चाचणीत दरमहा ६०,००० युनिट, म्हणजे आपल्याकडील औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीइतकीच मात्रा, देऊनही मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. रोज अल्प मात्रा घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू काहीसे कमी असावेत, असा संकेत काही एकत्रित विश्लेषणांत मिळाला आहे. त्यावर अभ्यास चालू आहे.

नातेवाइकांनी काय करावे?

उणीव आढळल्यास ती अवश्य भरून काढावी. स्तन व प्रोस्टेटच्या कर्करोगावरील काही औषधांनी हाडे ठिसूळ होतात. तेथे हे जीवनसत्त्व मोलाचे ठरते. परंतु शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांची जागा ते घेऊ शकत नाही. ‘आधी पुड्या देऊन पाहू’ असे म्हणण्यात गेलेले महिने गाठीला वाढण्यास वाव देतात.

कर्करोग हाडांत पसरलेल्या काही रुग्णांचे कॅल्शियम आधीच वाढलेले असते. अशांना डॉक्टरांच्या सल्ल्याविना पुड्या देऊ नयेत. सतत तहान, उलट्या, बद्धकोष्ठता किंवा भ्रमिष्टपणा दिसल्यास तातडीने रुग्णालयात आणावे. उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाल्यास हा धोका अधिक वाढतो.

कर्करोग टाळण्याचा खात्रीचा मार्ग आपल्या हाती आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत होत्या. तंबाखू सोडणे आणि तोंडातील न भरणारी जखम वा स्तनातील गाठ वेळीच दाखविणे, याला कोणतीही पुडी पर्याय नाही. दात्यांनीही रुग्णसाहाय्य करताना वेळेवर निदान व पूर्ण उपचार यांना अग्रक्रम द्यावा, ही नम्र विनंती.